आमचा पेटारा आणि जपानी तान्सु

मालवणपासून सावंतवाडीपर्यंतच्या मुलखांतील एखाद्या जुन्या कौलारू घराच्या माजघरांत पाऊल टाकावें, म्हणजे डोळ्यांना अंधाराची संवय होतांच भिंतीलगतचा पेटारा दिसूं लागतो. फणसाच्या किंवा सागाच्या जाड फळ्यांचा, चार आखूड पायांवर उभा, कोपऱ्यांना लोखंडी वा पितळी पट्ट्या मारलेला आणि पुढच्या बाजूस तळहाताएवढा कोयंडा लावलेला. प्रस्तुत लेखकाच्या आजोळीं असा एक पेटारा होता. दिवसा त्यावर बसून आजी तांदूळ निवडी. रात्रीं त्यावर घोंगडी टाकून एखादा पाहुणा निजे. आणि सणाच्या आदल्या दिवशीं तो उघडला म्हणजे कापूर, वाळा व जुनें रेशीम यांचा मिश्र वास घरभर पसरे. कांहीं वर्षांमागें तें घर पाडलें, तेव्हां जुन्या सामानाचा एक व्यापारी येऊन तो पेटारा घेऊन गेला. त्याचें लांकूड कोणतें होतें, तो कोणीं घडविला, कोणाच्या लग्नांत तो घरांत आला, हें विचारण्याचें आम्हां कोणासहि सुचलें नाहीं. व्यापाऱ्यानें मात्र एक प्रश्न विचारला : "कुलूप मूळचेंच का?" त्याला निदान तेवढें कळत होतें, आम्हांस तेवढेंहि कळत नव्हतें.

त्या प्रसंगाची जी लाज वाटली, तिच्यांतून हा लेख लिहिला गेला आहे. किल्ले, ताम्रपट, सनदा यांचा इतिहास आपल्या विद्वानांनीं मोठ्या कष्टानें जमविला; परंतु ज्या पेट्यांत त्या सनदा आणि त्या काळचीं वस्त्रें शतकानुशतकें सुरक्षित राहिलीं, त्या पेट्यांचा विचार फारसा झाला नाहीं. जपानी लोकांनीं आपल्या कपड्यांच्या पेट्यांचा असा विचार केला आहे. त्यांचा देशहि समुद्रानें वेढलेला व पावसानें भिजणारा. तेव्हां एकाच अडचणीतून दोन देशांच्या सुतारांनीं कोणत्या दोन वाटा काढल्या, आणि त्यांतील एक वाट चालती राहून दुसरी कां मोडली, हें पाहणें मनोरंजक तर आहेच, पण आपल्यापुरतें उपयोगाचेंहि आहे.

प्रथम अडचण कोणती तें पाहूं. सिंधुदुर्गांत वर्षाला सुमारें १२० इंच पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक चार महिन्यांत पडतो. या चार महिन्यांत दोरीवर टाकलेलें लुगडें वाळत नाहीं, चामड्यावर हिरवट बुरशी चढते, आणि रेशमाला कसर लागते. त्यांत समुद्राची खारी हवा लोखंडाला खाते, आणि जमिनींतून वाळवी वर येते. अशा ठिकाणीं शालू, पैठणी, उपरणीं, पागोटीं हीं तीन तीन पिढ्या टिकविणें, हें काम कपाटाच्या नुसत्या शोभेनें होण्यासारखें नव्हे.

पेटाऱ्याचा प्रत्येक अवयव या अडचणींना दिलेलें उत्तर आहे. पाय आहेत, कारण सारवलेल्या जमिनीची ओल तळाला लागूं नये, आणि वाळवी चढूं लागली तर ती दृष्टीस पडावी. फळ्या जाड आहेत, कारण बाहेरची हवा दमट वा कोरडी कशीहि झाली तरी जाड लांकडाच्या आंत तो फरक हळूहळू पोंचतो. झांकणाचा कांठ पेटीच्या अंगावर थोडा खालीं उतरविलेला असतो. त्यामुळें झांकण बसलें कीं फट राहत नाहीं. सांधे करतांना कसबी सुतार खिळ्यांपेक्षां लांकडाच्या खुंट्यांवर अधिक विश्वास ठेवी. खाऱ्या हवेंत लोखंडाचा खिळा गंजतो, गंजलेला खिळा भोंवतालचें लांकूड काळें व भुसभुशीत करतो, आणि मग सांधा सुटतो. उलट, दोन फळ्यांचीं टोकें हाताच्या बोटांत बोटें अडकवावीं तशीं कोरून बसविलीं व वर खुंटी ठोकली, म्हणजे पावसाळ्यांत लांकूड फुगून सांधा उलट अधिकच आवळतो. वाकस, रंधा, पटाशी, गिरमिट एवढ्या हत्यारांवर हें काम होई.

लांकडाची निवडहि डोळस होती. सागाला तेल असतें, त्यामुळें त्याला वाळवी सहसा लागत नाहीं; पण साग महाग. फणस परसांतला. त्याचें लांकूड तोडतांना हळदीसारखें पिवळें असतें आणि वर्षें जातील तसें तांबूस तपकिरी होत जातें. जुन्या पेटाऱ्यांचा तो गंभीर रंग पुष्कळदां रोगणाचा नसून वयाचा असतो. तिसरें लांकूड शिवणीचें. तें वजनानें हलकें असून वाळल्यावर फारसें आकसत वा वांकत नाहीं. या शिवणीची आठवण वाचकांनीं मनांत ठेवावी, कारण पुढें जपानांत गेल्यावर तिची एक बहीण आपणांस भेटणार आहे.

पेटाऱ्याच्या आंत, उजव्या किंवा डाव्या अंगाला, एक लहान झांकणाचा खण असतो, आणि कित्येकदां त्याच्या तळाखालीं दुसरा चोरखण. येथें सुतारकामाचा इतिहास संपतो व संसाराचा सुरू होतो. मुलीच्या लग्नांत आंदण म्हणून जें सामान येई, त्यांत पेटी वा पेटारा असे. धर्मशास्त्रानें स्त्रीधन मानलें, याज्ञवल्क्यानें त्याचे प्रकार सांगितले, आणि विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत त्याचा अर्थ विस्तारानें केला. पण १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यापूर्वीं घरजमिनींत स्त्रीला पूर्ण स्वामित्वाचा वाटा क्वचितच मिळे. परक्या घरांत पाऊल टाकणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या हातीं जी एकच बंद करतां येण्याजोगी जागा असे, ती हीच. तिच्या कमरेच्या किल्लीनें उघडणारी, दोन हात रुंद आणि तीन हात लांब. माहेरचें लुगडें, आईनें दिलेली नथ, आणि पुढें कधीं गेलेल्या मुलाचें अंगडें, सर्व त्या चोरखणांत. पेटारा विकणें म्हणजे जुनें लांकूड विकणें नव्हे, असें जें वाटतें तें यामुळें.

आतां जपानकडे वळूं. वाचकांस ही उडी लांबची वाटेल. पण आमच्या किनाऱ्यापासून जपानचा रस्ता एके काळीं फार लांबचा नव्हता. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यांत पोर्तुगीजांची पूर्वेकडील राजधानी होती. पोर्तुगीज १५४३ सालीं जपानांत पोंचले. १५४९ सालीं सेंट फ्रान्सिस झेवियर तेथें उतरला, तो गोव्याहूनच निघून. पुढें गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी अशी जहाजांची वाट बसली. त्या वाटेनें जपानी कारागिरांनीं परदेशी गिऱ्हाइकासाठीं केलेल्या कमानदार झांकणाच्या पेट्या पश्चिमेकडे येत. त्यांचा आकार युरोपी, काळें रोगण व सोन्याची भुकटी जपानी, आणि शिंपल्यांच्या जडावाची तऱ्हा आपल्या गुजराती कारागिरांच्या पेट्यांवरून घेतलेली. एका पेटींत तीन देश. १६३९ सालीं जपाननें पोर्तुगीजांना बंदी केली, आणि १६४१ पासून युरोपियनांपैकीं फक्त डचांना नागासाकीच्या एका लहानशा बेटावर व्यापाराची परवानगी राहिली. याच डच कंपनीनें १६३७ सालीं आमच्या वेंगुर्ल्यास वखार घातली होती. वेंगुर्ल्याच्या त्या वखारीचे भग्न अवशेष आजहि उभे आहेत. तेव्हां जपानचें नांव या किनाऱ्याला अगदींच अनोळखी नव्हतें.

जपानच्या पेट्यांचा इतिहास फार जुना आहे. नारा येथील शोसोइन नांवाच्या कोठारांत सम्राट् शोमूच्या वस्तु ७५६ सालीं त्याच्या राणीनें बुद्धाला अर्पण केल्या. तीं वस्त्रें, वाद्यें व पात्रें आजपर्यंत शाबूत राहिलीं, त्याचें मोठें श्रेय देवदाराच्या जातीच्या लांकडाच्या, पाय असलेल्या, झांकणाच्या पेट्यांकडे जातें. बाहेर हवा कशीहि बदलो, पेटीच्या आंत दमटपणा फारसा बदलत नाहीं. म्हणजे जें तत्त्व आमच्या पेटाऱ्यांत आहे, तेंच तेथें बाराशें वर्षांच्या कसोटीला उतरलेलें दिसतें.

सतराव्या शतकापर्यंत जपानी घरांतहि आमच्यासारखीच लांबट, वरून उघडणारी पेटी होती. तिला नागामोची म्हणत. शहरांतील लोकांनीं ती हलविण्यास सोपी जावी म्हणून तिला चाकें लावलीं. सौराष्ट्रांतील पितळी पत्र्यानें मढविलेल्या पटाऱ्यांनाहि अशीं चाकें असतात, हें कांहीं वाचकांनीं पाहिलें असेल. पुढें १६५७ सालीं एदो शहराला, म्हणजे आजच्या तोक्योला, भयंकर आग लागली. परंपरेनें मृतांचा आंकडा एक लाखावर सांगतात. घाबरलेले लोक आपल्या चाकांच्या पेट्या ओढीत निघाले, त्या अरुंद गल्ल्यांत एकमेकींत अडकल्या, रस्ते बंद झाले, आणि मागून येणारीं माणसें आगींत सांपडलीं. अखेर १६८३ सालीं एदो, क्योतो व ओसाका या तीन शहरांत चाकांच्या पेट्यांना सरकारनें मनाई केली. वस्तूच्या लोभानें माणूस कसा मरतो याचा धडा राज्यकर्त्यांनीं कायद्यांत लिहून ठेवल्याचें हें उदाहरण लक्षांत राहण्यासारखें आहे.

याच सुमारास जपानांत कपड्यांची पेटी बदलूं लागली. झांकण गेलें आणि समोरून ओढावयाचे खण आले. हाच तान्सु. ही मनाई हें त्याचें एकमेव कारण नव्हे. व्यापार वाढला, मध्यम स्थितींतील कुटुंबांकडे कपडे वाढले, आणि नागामोचींत तळचा कपडा काढावयाचा तर वरचे सगळे उपसावे लागत. किमोनो सरळ पट्ट्यांचा शिवलेला असल्यानें त्याची सपाट घडी होते. तशी घडी उथळ खणांत नीट बसते. येथें एक प्रश्न उभा राहतो. आमचें लुगडें, धोतर, उपरणें हें तर शिवलेलेंच नव्हे, त्याची घडी किमोनोहूनहि सपाट. मग आम्हीं खण कां केले नाहींत? याचें उत्तर, माझ्या मतें, कपड्यांत नसून घरांत आहे. जपानी तान्सु भिंतींतील कोनाड्यांत किंवा निराळ्या कोठारांत राही; त्याला एकच काम होतें. आमचा पेटारा माजघरांत राही, आणि तो बैठक होता, बिछाना होता, तिजोरी होता. ज्यावर माणसें बसतात व निजतात, त्याचें दार वरच असणार, आणि रात्रीं घरधनीण ज्यावर निजली आहे तो पेटारा चोराला उघडतां येणार नाहीं. सोयीपेक्षां सुरक्षितपणाला आम्हीं अधिक मोल दिलें. ही निवड चुकीची म्हणतां येणार नाहीं. पण तिचा परिणाम पुढें दिसला. घराची रचना बदलतांच, खुर्ची, पलंग व बँक हीं येतांच, पेटाऱ्याचीं तिन्ही बाजूचीं कामें एकदम गेलीं, आणि उरलें तें कपडे ठेवण्याचें काम तो गैरसोयीनें करीत होता.

तान्सुचें लांकूड किरी झाडाचें. हीच ती शिवणीची बहीण, अर्थात् गुणांनीं. अत्यंत हलकें, लवकर वाढणारें, न वांकणारें. मुलगी जन्मली कीं परसांत किरीचें रोप लावावें, आणि ती लग्नाची झाली म्हणजे तें झाड तोडून तिचा तान्सु करावा, अशी तिकडे चाल सांगतात. तोडल्यावर फळ्या लगेच वापरीत नाहींत. पावसांत व उन्हांत महिनेन् महिने, कित्येकदां वर्षें, उभ्या करून त्यांतील काळा रस धुवून जाऊं देतात. मग लांकडी खिळ्यांनीं सांधे जोडतात. खण इतका बेतशीर बसतो कीं एक आंत ढकलला तर आंतल्या हवेच्या दाबानें दुसरा आपोआप बाहेर सरकतो. दमट दिवसांत किरी फुगून खणाच्या फटी बंद करते, कोरड्या दिवसांत त्या थोड्या मोकळ्या होतात. उत्तरेकडील सेंदाई शहरांत निराळी तऱ्हा. तेथें केयाकी नांवाचें कठीण लांकूड, त्यावर पारदर्शक रोगण, आणि वर सिंह, व्याघ्र, नाग यांच्या आकृति ठोकलेल्या जाड लोखंडी पट्ट्या.

रोगणाच्या बाबतींत दोन देशांचा भेद तर विलक्षण आहे. जपानी उरुशी हा झाडाचा चीक आहे. तो वाळत नाहीं, तो घट्ट होतो. आणि घट्ट होण्यास त्याला दमट व उबदार हवाच लागते. म्हणून रोगण दिलेली वस्तु मुद्दाम ओलसर ठेवलेल्या कपाटांत ठेवतात. आमची लाख ही कीटकाची निर्मिति. पळस, बोर, कुसुंब यांच्या डहाळ्यांवर तो सूक्ष्म कीटक जें कवच करतो, तें खरवडून, धुवून, वितळवून लाख होते. आणि ती वश होते ती उष्णतेला. आम्ही ज्या पावसाला शत्रु मानतों, तोच जपानी रोगणकाराचा मदतनीस. आणि आमच्या कारागिराचा मदतनीस विस्तव.

या लाखेचें घर म्हणजे सावंतवाडी. मोती तलावाच्या कांठीं वसलेल्या त्या सुंदर गांवांतील चितारआळी कोणाला ठाऊक नाहीं? लांकडाचे आंबे, केळीं, फणस यांनीं भरलेल्या तिच्या दुकानांपुढें मुलांचे पाय आजहि अडतात. कातारी चरकावर लांकूड फिरवितो व त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडाला लागते, आणि मग केवड्याच्या पानानें घांसून तिला झिलई आणतात. पण पेटी चौकोनी, ती चरकावर फिरत नाहीं. पाट, चौरंग, देव्हारे, दागिन्यांच्या पेट्या यांवर चिताऱ्याला कुंचल्यानेंच काम करावें लागे, आणि चित्र पुरें झाल्यावर लाखेचा हात देऊन तें पक्कें करावें लागे. याच कुंचल्यानें गंजिफा रंगल्या. जुन्या कपड्याचे थर चिंचोक्याच्या खळीनें एकमेकांस चिकटवून, खडूचा लेप देऊन, दगडानें घोटून गोल पान करावयाचें. त्यावर चित्र, त्यावर लाख. दशावतारी गंजिफेच्या एका जोडांत दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा, मिळून १२० पानें. तिसरे खेम सावंत यांच्या दीर्घ कारकीर्दींत, १७५५ ते १८०३ या काळांत, या कलेला राजाश्रय मिळाला असें वाडींत सांगतात. पेडणें, डिचोली, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पोर्तुगीजांकडे गेले, तोंवर वाडीच्याच सत्तेखालीं होते. त्यामुळें चितारी तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर दिसतात, गोव्यांत कुंकळ्ळीपर्यंत.

मग ही परंपरा खालावली कां? विलायती मालाला दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण खरी गोष्ट अशी कीं गिऱ्हाईकच बदललें. कोंकणी माणूस चाकरीसाठीं मुंबईस गेला. आगबोटीवर चढतांना त्याच्या खांद्यावर पत्र्याची ट्रंक होती, पेटारा नव्हता. एका खोलींत दहा माणसें राहावयाचीं, तेथें पेटारा ठेवणार कोठें? पुढें १९२० नंतरच्या दशकांत मुंबईत पोलादी कपाटें होऊं लागलीं. त्यांना वाळवी लागत नाहीं, त्यांचें कुलूप पक्कें, आणि त्यांच्या दारावर आरसा. मुलीच्या आंदणांत पेटाऱ्याच्या जागीं कपाट आलें. सुताराच्या मुलानें दारें-खिडक्या करण्याचें काम धरलें, आणि चिताऱ्यानें खेळणीं व फळें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, तेव्हां आश्रयहि गेला. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीं शिवरामराजे भोंसले व राणी सत्वशीलादेवी यांनीं वाड्याच्या दरबारांतच कारखाना घालून गंजिफा व लाखकाम पुन्हां सुरू केलें, तेव्हां गंजिफेचें तंत्र जाणणारा एकच वृद्ध चितारी उरला होता. एका माणसाच्या आयुष्याचा धागा तुटण्यापूर्वीं तो कोणी तरी पकडला, म्हणून आज आपण ती कला पाहतों. पेटाऱ्याच्या सुताराच्या बाबतींत मात्र असा धागा कोणीं पकडला नाहीं.

जपानांत सर्व कांहीं सुखरूप राहिलें असेंहि नव्हे. किमोनो रोजच्या वापरांतून गेला, जुने तान्सु परदेशी शौकिनांच्या दिवाणखान्यांत गेले. पण तेथें दोन गोष्टी झाल्या. यानागि सोएत्सु नांवाच्या विचारवंतानें अनामिक कारागिरांच्या नित्य वापरांतील वस्तूंतील सौंदर्याकडे लोकांचें लक्ष वेधून १९३६ सालीं तोक्योंत लोककलांचें संग्रहालय उघडलें; आणि १९७४ सालीं सरकारनें परंपरागत हस्तव्यवसायांसाठीं कायदा केला. त्या कायद्याखालीं कामो येथील किरीच्या तान्सुला १९७६ सालीं, कासुकाबेच्या तान्सुला १९७९ सालीं, आणि सेंदाईच्या तान्सुला २०१५ सालीं मान्यता मिळाली. याहून मला महत्त्वाची वाटते ती एक साधी चाल. आजीचा तान्सु काळवंडला म्हणजे तो कारागिराकडे नेतात. तो सांधे उकलतो, फळ्या धुतो, वरचा पातळ थर रंध्यानें काढतो, फुटकी जागा किरीच्याच तुकड्यानें भरतो, आणि नातीच्या लग्नाला तोच तान्सु पुन्हां पांढराशुभ्र होऊन येतो. दुरुस्ती करणारा जेथें जिवंत आहे, तेथें करणाराहि जिवंत राहतो.

आपल्याकडेहि एका माणसानें यानागिसारखेंच काम केलें. दिनकर गंगाधर केळकर यांनीं अडकित्ते, दिवे, कुलुपें, पेट्या, दारें अशा घरगुती वस्तु गांवोगांव फिरून जमविल्या, आणि १९७५ सालीं तो संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. पुण्याचें तें राजा केळकर संग्रहालय पाहून बाहेर पडतांना प्रत्येकास आपल्या आजोळची एखादी वस्तु आठवते. पण सर्वच पेटारे संग्रहालयांत जाऊं शकत नाहींत, आणि जावेत असेंहि नाहीं.

म्हणून वाचकांस एकच विनंति. ज्यांच्या घरीं असा पेटारा अजून आहे, त्यांनीं तो विकावा कीं ठेवावा हें त्यांचें त्यांनीं ठरवावें. संसाराच्या अडचणी लेखकाला दिसत नाहींत असें नाहीं. पण त्यापूर्वीं एक दुपार त्याच्यासाठीं द्यावी. घरांतील सर्वांत वडील बाईला जवळ बसवून विचारावें कीं हा कोणाच्या आंदणांत आला, कोणत्या गांवाहून, त्याचें झाड कोणाच्या परसांतलें, घडविणारा सुतार कोण. उत्तर एका कागदावर लिहून झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवावें. गांवांतील एखाद्या म्हाताऱ्या सुताराला बोलावून त्याला सांधे दाखवावे, आणि जमल्यास त्याच्या नातवालाहि सोबत आणण्यास सांगावें. माझ्या आजोळचा पेटारा आज कोणाच्या तरी दिवाणखान्यांत काचेच्या भांड्यांखालीं उभा असेल. त्याच्या चोरखणाचें झांकण डाव्या कोपऱ्याला दाबल्यावर उघडतें. नव्या मालकाला तें कोणीं सांगितलें नसेल.